रविवार कुणी दिला, वाट कुणी दाखवली?

मंडळी, ‘वीकएंड’ हा शब्द आमच्या लहानपणी घरात नव्हता. शनिवार होता. त्या दिवशी मारुतीला तेल आणि शाळा सकाळची. रविवार होता. त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ आणि उशिरा जेवण. या दोन दिवसांना एकत्र बांधून पाठीवरच्या पिशवीत भरायचं आणि डोंगरात घेऊन जायचं, ही कल्पना आमच्या वडिलांना सांगितली असती तर ते म्हणाले असते, “घरी झोपायला जागा कमी पडली का?”

हल्ली मात्र जून जवळ आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. नात, भाचरं, त्यांचे मित्र. “आजी, मुंबईजवळ दोन दिवसांत होईल असा ट्रेक सांग ना. रात्री तंबूत राहायचंय.” खरं तर त्यांना माझी गरज नसते. किती किलोमीटर, किती चढ, तंबूचं भाडं किती, सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये असतं. तरी विचारतात हे चांगलं आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझं उत्तर त्यांच्या प्रश्नापेक्षा नेहमीच लांब होतं. बिचारी “हो हो” म्हणून ऐकून घेतात. तेच उत्तर आज सगळ्यांसाठी लिहून काढते आहे.

सहलीची तयारी करताना आपण एक यादी करतो. दोरी, बॅटरी, पाण्याची बाटली, औषधं. मी दुसरी यादी सांगणार आहे. दिवस, गाडी, वाट, किल्ला आणि मुक्काम. दोन दिवसांच्या ट्रेकला या पाचच गोष्टी लागतात. आणि या पाचही आपल्याला कुणीतरी दिलेल्या आहेत. उदाहरण म्हणून राजमाची घेऊ. मुंबईला जवळ, पुण्याला जवळ, आणि माझ्या ओळखीची.

आधी दिवस. रविवारची सुट्टी साहेबाने आणली आणि ती आपसूक सगळ्यांना मिळाली, असा पुष्कळांचा समज असतो. कचेऱ्यांपुरतं ते खरं आहे. गिरण्यांत तसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नसे. सण आला, किंवा यंत्रं पुसायची असली, तर काय ते थांबायचं. या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जन्म १८४८, ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या तर डोळ्यात पाणी येतं, इतक्या साध्या आहेत. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत काही मजुरी.

त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगत असे. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांनाही तो आपलासा वाटला. लोखंडे स्वतः १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांसाठी काम करता करता गेले. वय पन्नाससुद्धा नव्हतं.

शनिवार त्या मानाने फार उशिरा मिळाला. केंद्र सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ साली आला. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना तर २०२० साल उजाडलं. पुण्या-मुंबईत संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर शनिवार-रविवारची जोड सुट्टीही रुजली आणि तेव्हापासून डोंगरात गर्दी वाढली. आम्हा शिक्षकांचा शनिवार अर्ध्या दिवसाचा. शाळा सुटली की घरी न जाता तसंच स्टेशन गाठायचं. तेवढ्या अर्ध्या दिवसावर आमचे सगळे किल्ले झाले.

आता वाट आणि गाडी. ही दोन्ही बोरघाटातली असल्यामुळे एकत्रच सांगते.

घाट काही इंग्रजांनी शोधला नाही. कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरं. तिथला माल बैलांच्या पाठीवरून देशावर चढायचा, तो याच डोंगररांगेतल्या वाटांनी. भाजे, कार्ले, कोंढाणे ही लेणी या वाटांच्या आजूबाजूला उगाच नाहीत. वाटसरू, व्यापारी आणि भिक्षू यांचा तो राबता होता. राजमाचीचा किल्लाही त्याच वाटेवर नजर ठेवायला बांधलेला. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या रस्त्यावरचा दगडी पूल पुष्कळांनी पाहिला असेल. बामच्या जाहिरातीवरून त्याला सगळे अमृतांजन पूल म्हणत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना तो पाडला. एकशे नव्वद वर्षं उभा होता.

मग आगगाडी. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली, पण पुढे सह्याद्रीची भिंत. ती चढायला १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी खंडाळ्यावर पोहोचली. साधारण पंधरा मैलांचा घाट, पंचवीस बोगदे, आणि चढ इतका तीव्र की एका ठिकाणी गाडीला थांबून उलट दिशेने पुढे जावं लागे. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांवर माणसं तिथे कामाला होती. कॉलरा आणि तापाने त्यांतली हजारो मेली. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ साली मजुरांचा मोठा दंगाही झाला. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट हातात ठेवलं, इंजिनियर नेमले आणि काम तडीस नेलं. तिचं नाव निदान पुस्तकात आहे. दगड फोडणाऱ्या बायका-माणसांची नावं कुठेच नाहीत.

नाही म्हणायला एक नाव लोकांनी जपलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचं देऊळ लागतं. कथा अशी सांगतात की इंग्रज इंजिनियरांना घाटातून वाट सापडेना. तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली गुरं चढायची वाट त्यांना दाखवली. वाट मिळाल्यावर साहेबाने विचारलं, बक्षीस काय पाहिजे? तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. त्यावर त्याला गोळी घातली. याला कागदोपत्री पुरावा मागायचा नसतो. डोंगरातल्या माणसाने वाट दाखवायची आणि तिचं श्रेय नकाशा काढणाऱ्याने घ्यायचं, हा अनुभव लोकांनी त्या देवळात ठेवला आहे, एवढं मला पुरतं. अजूनही घाट चढणारे ड्रायव्हर तिथे हात जोडतात, नाणं टाकतात.

असो. गाडी आली आणि तिच्या मागोमाग हौस आली. माथेरान त्याआधीच, १८५० साली, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ‘शोधलं’. शोधलं हा शब्द मी अवतरणात घालते, कारण ठाकर, कातकरी आणि धनगर तिथे होतेच. १९०७ साली नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधली. पुढे १९३० च्या जूनमध्ये दख्खनची राणी निघाली. आज ती नोकरदारांची गाडी म्हणून ओळखली जाते, पण सुरुवातीला ती शनिवार-रविवारीच धावे. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणारी मुंबईची श्रीमंत मंडळी त्यात असत. म्हणजे आपल्याकडची पहिली वीकएंड गाडी शर्यतीच्या घोड्यांमुळे आली म्हणायची!

किल्ल्यांकडे जायची ओढ मात्र वेगळीकडून आली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी पुष्कळ किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे, तट मोडून टाकले. किल्ले ओस पडले. १८६९ साली महात्मा फुल्यांनी शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचला. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. इथपासून किल्ल्यावर जाणं ही यात्रा झाली. माथेरानला हवा खायला जायचं आणि रायगडाला माथा टेकायला, हा फरक आमच्या पिढीपर्यंत टिकून होता. तो फरक पुसून किल्ल्यावर प्रेमाने, नुसतं राहायला, पायी हिंडायला जायचं, हे आम्हाला गोनीदांनी शिकवलं. गोपाळ नीलकंठ दांडेकर. त्यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ तर आहेच, पण मला त्याहून जवळची वाटते ती त्यांची कादंबरी ‘माचीवरला बुधा’. मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परतलेल्या म्हाताऱ्याची ती गोष्ट. किल्ल्याबद्दल लिहिताना तिथे राहणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं, हे त्यांना सुचलं.

आता राजमाची. एका माचीवर दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत काळभैरवाचं देऊळ. पायथ्याला उधेवाडी. खाली उदयसागर तलाव आणि त्याच्याकाठी जुनं शिवमंदिर. समोर उल्हास नदीचं खोरं. दरीपलीकडे रात्री आगगाडीचे दिवे बोगद्यांत लपत आणि पुन्हा उगवत जाताना दिसतात. शिवाजीमहाराजांनी १६५७ च्या सुमारास मावळातल्या इतर किल्ल्यांबरोबर हा घेतला. पुढे तो कान्होजी आंग्र्यांकडे गेला, मग पेशव्यांकडे. १७७६ साली तर एक गंमतच झाली. पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं सांगणारा तोतया उभा राहिला, कोकणातला बराच मुलूख त्याने बळकावला आणि राजमाचीही काही काळ त्याच्या ताब्यात होती. किल्ल्यालाही माणूस ओळखायला वेळ लागतो, असं मी मुलींना सांगायचे.

राजमाचीवरून दक्षिणेला पाहिलं की नागफणीचं सुळकेदार टोक दिसतं. त्याच्या शेजारून कुरवंडे घाट खाली कोकणात उतरतो. ट्रेकचं नियोजन म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगली जागा नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकण घ्यायला पाठवलं. बरोबर मोठी फौज, सामानसुमान, आणि रायबागन ही शूर सरदारीण. खान कुरवंडे घाटाने उतरला आणि खाली चावणीजवळच्या उंबरखिंडीत शिरला. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, पाणी जवळ नाही, मागे फिरायला जागा नाही. महाराजांची माणसं आधीच वर झाडीत बसलेली. खानाची फौज कोंडली गेली. शेवटी रायबागनने समजावलं आणि खानाने खंडणी देऊन, सामान टाकून जीव वाचवला. पाण्याची चौकशी नाही, वाटेची माहिती नाही, परतीची वाट ठरलेली नाही आणि ओझं मात्र भरपूर! आजही जे ग्रुप अडकतात ते याच चार कारणांनी अडकतात. समोर महाराज नसतात म्हणून बचावतात, इतकंच.

राजमाचीला दोन बाजूंनी जाता येतं. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधरा-सोळा किलोमीटरची लांब पण सोपी वाट. किंवा कर्जतहून कोंदिवडे गावापर्यंत जाऊन तिथून उभा चढ. चढाच्या वाटेवर कोंढाण्याची लेणी लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध. सिंहगडाचं जुनं नाव कोंढाणा, त्याच्याशी यांचा संबंध नाही, हे आधीच सांगते. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केली आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका पुतळ्याच्या शेषाजवळ ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, अशा अर्थाचा. मला हा बलक फार आवडतो. इतकं काम करून नाव लिहिलं ते केवढंसं, आणि त्यातही आधी गुरूचं. त्याच डोंगरात किल्ल्याच्या तटावर आता बाण आणि बदाम काढून नावं कोरलेली दिसतात. अरे, आधी एक तरी खांब घडवा, मग नाव लिहा!

शेवटी मुक्काम. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल.

साल १९७८. आमच्या शाळेच्या नववीच्या बारा मुलींना घेऊन राजमाचीला जायचं मी आणि माझ्या एका सहशिक्षिकेने ठरवलं. मुलांच्या सहली किल्ल्यांवर जात होत्या. मुलींच्या सहली देवळात नाहीतर बागेत जात. पालकसभेत एकच प्रश्न तीनतीनदा आला, “रात्री मुली झोपणार कुठे?” वाट अवघड आहे का, साप आहेत का, असं कुणी विचारलं नाही. आमच्यापाशी तेव्हा तंबू नव्हता आणि असता तरी त्याने त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं. फोन तर नव्हतेच. लोणावळ्याच्या बाजाराला येणाऱ्या एका माणसाकडून उधेवाडीला चिठ्ठी गेली आणि दहा-बारा दिवसांनी निरोप आला, “मुलींना घेऊन या. घर हाये.” हे शब्द मी सभेत जसेच्या तसे सांगितले. बारापैकी नऊ पालकांनी होकार दिला.

सामानाची यादी अजून आठवते. सैन्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या हॅवरसॅक, सतरंज्या, रॉकेलचा एक स्टो, तांदूळ, डाळ, गूळ, दोन कंदील. चढताना मुलींनी ओझी वाटून घेतली. संध्याकाळी घरात शिरलो तेव्हा चुलीवर भाकऱ्या चालू होत्या. स्टो पेटवायची वेळच आली नाही. रात्री मुली आतल्या खोलीत ओळीने झोपल्या. त्या घरातल्या आजींनी स्वतःचं अंथरूण दाराच्या आत आडवं घातलं आणि म्हणाल्या, “मी हाय हितं. तुमीबी झोपा बाई.” पहाटे जाग आली तेव्हा त्या तशाच, दाराशी पाठ लावून बसलेल्या. सकाळी पैसे देऊ केले तर घेईनात. उरलेला शिधा तेवढा ठेवून घेतला, तोही मुलींनी हातात दिला म्हणून. त्या नऊजणींपैकी एक पुढे डॉक्टर झाली, दोघी शिक्षिका. सगळ्या आता साठीच्या झाल्या आहेत. भेटल्या की श्रीवर्धनचा बुरूज कुणी काढत नाही, त्या आजींचं नाव काढतात.

आता काळ बदलला आहे. उधेवाडीत घरगुती राहण्याजेवण्याची सोय पैसे देऊन होते आणि ते योग्यच आहे. पाहुणचारावर पोट भरत नाही. तंबूही मिळतात. पण तंबू आला आणि एक गोष्ट हळूच बदलली. घरात राहिलं की आपण पाहुणे असतो. तंबूत राहिलं की जागेचे मालक असल्यासारखं वाटायला लागतं. मग मोठ्याने गाणी, पहाटेपर्यंत दिवे, सकाळी बाटल्यांचा ढीग. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, या रानात झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. तो त्यांचा जोडीदार शोधायचा काळ, अंधारात होणारा. त्यांना पाहायला शेकडो माणसं बॅटऱ्या घेऊन जातात आणि उजेडाने ते बिचकतात. पाहायला गेलो त्यालाच मालवून आलो, असं होतं.

तलावाकाठच्या कॅम्पिंगबद्दलही सांगते. पवना, मुळशी इथे पाण्याकाठी तंबूंची रांग लागते. देखावा सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण ते पाणी कुणाच्या तरी शेतावर उभं आहे. मुळशीचं जलविद्युत धरण होऊ नये म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती तिथली. बायका-पोरं कामाच्या जागी आडवी झाली, तुरुंगात गेली. धरण झालंच. आपण ज्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो तो त्यांच्या गावांवरून दिसणारा व्ह्यू आहे. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही. चहा पिताना एकदा विचारा, इथे पूर्वी काय होतं म्हणून. सांगणारं कुणीतरी असतंच.

आणि इर्शाळवाडी. राजमाचीपासून फार लांब नाही, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची वाडी. इर्शाळगडाला गेलेल्या प्रत्येकाने त्या वाडीत पाणी प्यायलेलं आहे. मीही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरचा डोंगर वाडीवर आला. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं शेवटपर्यंत सापडली नाहीत. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. मदत करणारे तीच पायवाट चढून गेले, जी आपण रविवारी हौसेने चढतो. त्यात आसपासच्या ट्रेकिंग संस्थांची मुलंही होती. त्यांना वाट पायाखालची होती, म्हणून त्या रात्री ती उपयोगी पडली. वर्तमानपत्रात नावं वाचताना मला दाराशी बसलेल्या उधेवाडीच्या आजी आठवत राहिल्या. ज्या ओसऱ्यांवर आपण पाठ टेकली, त्या ओसऱ्या किती नाजूक जागी उभ्या आहेत, हे आपण त्या वेळी पाहतच नाही.

म्हणून माझी यादी पाच गोष्टींची. दिवस गिरणी कामगारांनी मिळवला. गाडीचा घाट मजुरांनी फोडला. वाट धनगराच्या गुरांनी पाडली. किल्ला मावळ्यांनी राखला. आणि मुक्काम अजूनही कुणाच्या तरी घरामुळे शक्य आहे. हे सगळं माहीत असलेला माणूस डोंगरात जरा वेगळा वागतो, असा माझा अनुभव आहे. त्याला नियमांची पाटी लागत नाही.

आता ज्यांना नुसता कार्यक्रमच हवा होता (तुम्ही एव्हाना कंटाळला असाल!) त्यांच्यासाठी.

शनिवारी सकाळच्या लोकलने कर्जत. तिथून रिक्षा करून सुमारे दहा किलोमीटरवर कोंदिवडे. ऊन चढायच्या आत कोंढाण्याची लेणी पाहून घ्या, बलकाचा लेख शोधा, मग चढाला लागा. मधे विश्रांती धरून तीन-चार तास धरा. दुपारी उधेवाडीत जेवण, पिठलं-भाकरी, आणि किती माणसं येणार ते आधी कळवलेलं असलं पाहिजे. ऐन वेळी वीस माणसं उभी राहिली तर त्या बाईने पीठ कुठून आणायचं? संध्याकाळी श्रीवर्धन. रविवारी पहाटे मनरंजन, मग उदयसागर आणि मंदिर. नऊच्या आत निघून लोणावळ्याची लांब वाट धरा. गुडघे दुखणाऱ्यांनी उलटं करू नये. कर्जतचा उतार गुडघ्यांना फार महाग पडतो.

जोराच्या पावसात कर्जतची वाट नको. ओढे अर्ध्या तासात फुगतात आणि ओलांडता येत नाहीत. रात्री तंबू लावायचाच असेल तर ज्याची जागा आहे त्याला विचारून, त्याच्या अंगणात किंवा शेतात लावा आणि त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे द्या, घासाघीस न करता. गाणी म्हणा, स्पीकर नको. नेलेलं प्लास्टिक परत आणा. वाट चुकल्यासारखी वाटली तर मोबाइलपेक्षा गुराख्याला आधी विचारा. जाताना घरी सांगून जा, कुठल्या वाटेने जाणार आणि कुठल्या वाटेने परत. आणि परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा, वर रेंज असेलच असं नाही.

कुणी जाऊन आलात तर उधेवाडीत कुणाच्या घरी उतरलात ते मला जरूर कळवा. किल्ल्याचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत.